अंगणातला पक्षी, चौकटीतला पक्षी

माथेरान म्हटले की आपल्याला पॉइंट, लाल माती आणि नेरळहून वळणे घेत येणारी छोटी गाडी आठवते. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर आले आणि १९०७ साली ही गाडी सुरू झाली. माणसांची वर्दळ वाढली, पण बंगल्यांभोवतीचे रान बऱ्याच अंशी टिकले. म्हणून इथे शिपाई बुलबुल, दयाळ, शिंपी यांच्यासाठी रानात खोल शिरावे लागत नाही. ते अंगणात येतात. कॅमेरा घेऊन त्यांच्यासमोर बसलो की मला नेहमी वाटते, या मूठभर जिवांची छायाचित्रे पूर्वी कशी काढली असतील?

त्याचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी १८९२ साली पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून पुढे त्यांनी चक्क बैलाचे पोकळ सोंग तयार केले आणि त्यात लपून कॅमेरा चालवला. आपल्याकडे रेल्वेत नोकरी करणारे लोथर यांनी या छंदात अनेक वर्षे घालवली. त्यांचे पुस्तक १९४९ साली निघाले. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर सोडून भारतात आलेले लोक वान थो यांना डॉ. सलीम अली यांचा सहवास लाभला. त्यांच्या पक्षिचित्रांचे पुस्तक १९५७ साली प्रसिद्ध झाले.

त्या काळी काचा आणि फिल्म मंद होत्या, कॅमेरे जड होते. चिमुकला पक्षी एका जागी क्षणभर ठरत नाही. तो खात्रीने परत येतो ती जागा एकच, घरटे. म्हणून बहुतेक चित्रे घरट्याशीच काढली जात. मध्ये येणारी पाने बाजूला बांधायची, कधी फांदीच छाटायची. चौकट स्वच्छ होई. पण पिलांवर ऊन येई आणि कावळ्याला वाट मोकळी होई. कधी आईबाप घरटे सोडूनही जात. चित्राच्या देखणेपणाची किंमत अशी भलत्याच जिवाला मोजावी लागे.

याच्या उलट उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यातले आहे. १९३० साली सलीम अलींनी किहीमला सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीजवळ आडोशाला बसून निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि दुसरे विणायला घेतो, हे त्यांना उमगले. घरट्याला हात न लावता, नुसत्या चिकाटीने हे साधले.

आज डिजिटल कॅमेऱ्यामुळे माथेरानच्या दाट सावलीतही चित्र निघते. तेव्हा घरट्याकडे वळण्याचे कारणच उरलेले नाही. आड फांदी आली तर आपण दोन पावले सरकावे. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर बसावे, मागची झाडी दूर राहील असा कोन धरावा. पार्श्वभूमी आपोआप मऊ होते. त्याच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका दिसला की चित्र जिवंत वाटते. नंतर संगणकावर कडा कापाव्यात, सावली थोडी उजळावी. नको असलेली काटकीही तिथे पुसता येते; त्यात पक्ष्याला इजा नाही. पण मग ते चित्र त्या दिवसाची साक्ष राहत नाही, एवढे पाहणाऱ्याला सांगायला हवे.

नवा मोहही आला आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतात. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून बिचारा विणीच्या दिवसांत अन्न शोधायचे सोडून भांडायला धावतो. पूर्वी फांदी छाटली जाई, आता त्याचा वेळ छाटला जातो. २००३ साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कायदा झाडे राखील. अंगणातल्या शिंप्याची शांतता मात्र कॅमेरा धरणाऱ्यालाच राखावी लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)