विमान प्रवाशांची माहिती : सुरक्षा आणि खासगीपणा

परभणी जिल्ह्यात विमानतळ नाही. परदेशी निघालेला येथील विद्यार्थी वा नोकरदार मुंबई किंवा हैदराबाद गाठतो. तिकीट मात्र बहुधा गावातील एजंटाकडे निघते आणि त्याच क्षणी प्रवाशाची नोंद विमान कंपनीच्या संगणकात तयार होते. रेल्वे तिकिटामुळे परिचित असलेला ‘पीएनआर’ तो हाच.

नोंदीत काय असते?
नाव, संपर्क क्रमांक, पैसे कसे भरले, प्रवासाचा मार्ग, आसन, सामान, सहप्रवासी आणि एजंटाचे नाव. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, भारतात येणाऱ्या व येथून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानांतील प्रवाशांची अशी १९ प्रकारची माहिती कंपन्यांनी उड्डाणापूर्वी २४ तास सीमाशुल्क विभागाला द्यावयाची आहे. ही माहिती पाच वर्षे जतन होते. त्यानंतर तिच्यातील ओळख पुसली जाते. प्रकरणानुरूप ती अन्य तपास यंत्रणांना, तसेच परदेशी सरकारांनाही देता येते. धर्म, वंश, राजकीय मत वा आरोग्य उघड होईल अशा प्रक्रियेस नियमांत मनाई आहे.

युरोपचा अनुभव
११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने ही माहिती सक्तीची केली. युरोपीय संघाने २००४ मध्ये तिच्याशी केलेला करार युरोपीय न्यायालयाने २००६ मध्ये रद्द ठरविला; मात्र त्याचे कारण खासगीपणा नसून कराराचा कायदेशीर आधार हे होते. पुढे जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने, ज्यांच्याविषयी कोणताही संशय नाही अशा प्रवाशांची माहिती सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवता येणार नाही, असा निर्वाळा दिला.

आक्षेप कोणते?
सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तथापि, २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार केंद्र सरकार सुरक्षेच्या कारणास्तव आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकते. तस्करी व दहशतवाद रोखण्याचा हेतू कोणी नाकारत नाही. प्रश्न आहे तो निर्दोष प्रवाशाचा. लहान शहरांत अनेकांच्या आरक्षणात एजंटाचाच दूरध्वनी क्रमांक नोंदला गेल्यास अनोळखी माणसेही एकमेकांशी जोडलेली भासू शकतात. त्यामुळे आरक्षण करताना स्वतःचाच क्रमांक द्यावा आणि नावाची अक्षरे पारपत्राप्रमाणे आहेत ना, हे तपासून घ्यावे.