स्वमग्न मुले, बालनाट्य आणि सोलापूर

मराठी नाटकात वेगळ्या वागणुकीचे पात्र जुने आहे. त्याच्याकडे गंभीरपणे पाहणे मात्र बरेच अलीकडचे. गडकऱ्यांच्या ‘प्रेमसंन्यास’मधला विसराळू गोकुळ ज्या गोष्टीने हशा मिळवतो, ती त्याच्या स्वभावातली खोटच असते. तोतरेपणा, बहिरेपणा, चकणेपणा हे तर सोंगाड्याचे हमखास भांडवल. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ने हा हशा बंद केला. मतिमंद मुलगा वयात येताना आईबापांची होणारी घुसमट त्या नाटकाने प्रेक्षकांसमोर ठेवली आणि अतुल परचुरे यांनी साकारलेला बच्चू लोकांच्या लक्षात राहिला. 1991 च्या ‘चौकट राजा’ या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांचा नंदू आला. दोन्ही भूमिका उत्तम. पण त्या करणारे नट तसे नव्हते, आणि ‘नातीगोती’ हे नाटक मुलापेक्षा त्याच्या पालकांच्या दुःखाचे होते.

‘स्वमग्नता’ (ऑटिझम) हे निदान तेव्हा फारसे कोणाच्या कानावर नव्हते. लिओ कॅनर यांनी त्याचे वर्णन 1943 मध्ये केले होते, तरी भारताच्या 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत ते नव्हते. त्यामुळे अनेक स्वमग्न मुले कागदोपत्री मतिमंद ठरली आणि मतिमंदांच्याच शाळांत गेली. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझमचे नाव घेतले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारांत त्याला स्वतंत्र जागा दिली.

अशी मुले स्वतः रंगमंचावर आली ती व्यावसायिक नाटकाच्या नव्हे, बालनाट्याच्या दारातून. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरने 1959 मध्ये ‘मधुमंजिरी’ने मुलांच्या नाटकाला प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे मुंबईत कांचन सोनटक्के यांनी ‘नाट्यशाला’ ही संस्था काढून विशेष मुलांना घेऊन नाटके बसवली. 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे पहिले बालनाट्य संमेलन सोलापुरात भरले, तेव्हा अध्यक्षपद सोनटक्के यांनाच मिळाले. बालनाट्यातली इतर मोठी नावे समोर असताना विशेष मुलांसाठी राबणाऱ्या व्यक्तीला हा मान मिळावा, ही त्या संमेलनाची सर्वांत बोलकी गोष्ट म्हणावी लागेल. सोलापूरला नाटकाची सवय होतीच. 1954 पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेचे ते एक केंद्र आहे आणि 1931 मध्ये फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या नावाचे हुतात्मा स्मृतिमंदिर हे शहराचे हक्काचे नाट्यगृह. राज्य शासनाची दिव्यांग बालनाट्य स्पर्धाही आता वेगळी होते.

नाटक बसवण्याची पद्धत पाहिली, तर ते स्वमग्न मुलाला परके वाटावे असे काही नाही. तालीम म्हणजे ठरलेली जागा, ठरलेला क्रम, तेच वाक्य पुन्हा पुन्हा. पुढे काय येणार हे माहीत असण्याचा दिलासा त्यात आहे. अडते ते प्रयोगाच्या दिवशी. चेहऱ्यावरचा चिकट रंग, गळ्याला टोचणारी जर, डोळ्यांवर येणारा स्पॉट आणि अचानक कोसळणाऱ्या टाळ्या हे सगळे एका तासात अंगावर येते. मग मूल हाताचे पंजे फडफडवते, जागच्या जागी डोलते, कान झाकते किंवा ओढणीची दशी बोटांत फिरवत राहते. पूर्वी ही ‘सवय मोडण्या’वर भर असे. ती मुलाची स्वतःला सावरण्याची रीत आहे, हे स्वमग्न प्रौढांनी लिहून-बोलून सांगितल्यावर दृष्टी बदलू लागली. जाणता दिग्दर्शक ती दशी पात्राच्या वेशातच ठेवतो. काही मुलांना अंगावर दाब आवडतो म्हणून झोपताना जड पांघरूण वापरतात. चादरींच्या सोलापूरला ते सहज पटेल. मात्र 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत अशा पांघरुणाने झोप वाढल्याचे दिसले नाही, मुलांना ते आवडले एवढेच.

भूमिका कोणी करावी, हा प्रश्न त्यानंतरचा. ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ हे नाटक 2012 मध्ये लंडनला आले. त्यातला नायक ख्रिस्तोफर स्वमग्न नट मिकी रो याने अमेरिकेत 2017 मध्ये केला. 2025 च्या ‘सितारे जमीन पर’ या चित्रपटात दहा न्यूरोडायव्हर्जंट (मेंदूची जडणघडण वेगळी असलेले) कलाकार होते. मराठी व्यावसायिक नाटकात अशी निवड अजून रुळलेली नाही.

प्रेक्षागृहाकडे सर्वांत उशिरा लक्ष गेले. न्यूयॉर्कमध्ये ‘द लायन किंग’चा स्वमग्न प्रेक्षकांसाठीचा खास प्रयोग 2011 मध्ये झाला. अशा प्रयोगात प्रेक्षागृह पूर्ण अंधारे करत नाहीत, आवाज खाली ठेवतात, कोणी मध्येच उठले किंवा बोलले तरी दटावत नाहीत आणि बाहेर एक शांत खोली मोकळी असते. यासाठी नवे नाट्यगृह बांधावे लागत नाही. दिवे, ध्वनी आणि दरवाजे सांभाळणाऱ्या माणसांना तिसऱ्या घंटेआधी तेवढे सांगून ठेवावे लागते.