एका अक्षराने अडवलेला खलिता

'राजा' आणि 'सम्राट' हे शब्द आपण मराठीत पुष्कळदा एकमेकांच्या जागी सहज वापरतो. पूर्व आशियात मात्र त्यांच्यातील अंतरावरून दोन दरबार वर्षानुवर्षे अडून बसले होते.

चीनमध्ये राजाला 'वांग' म्हणत. इ.स.पूर्व 221 मध्ये छिनच्या राजाने बाकीची राज्ये जिंकली आणि हा किताब त्याला तोकडा वाटू लागला. पुराणकथांतील थोर शासकांच्या 'हुआंग' आणि 'दी' या बिरुदांना जोडून त्याने 'हुआंगदी' हा शब्द घडवला. मग वांग खालच्या दर्जाचा ठरला. आकाशाखाली हुआंगदी एकच, बाकी सारे वांग, अशी ती मांडणी होती.

कोरियाच्या जोसोन घराण्याला ती मान्य होती. जपानला नव्हती. तिथल्या सम्राटाचा किताब 'तेन्नो', आणि त्यातील शेवटचे अक्षर म्हणजे तेच हुआंग! तरी दीर्घकाळ भांडण झाले नाही, कारण कोरियाशी पत्रव्यवहार सम्राटाचा नव्हे, शोगुनचा असे; आणि त्यासाठी शोगुनने 'ताइकुन' हे वेगळेच नाव घेतले होते. (आज आपली वर्तमानपत्रे उद्योगपतींना 'टायकून' म्हणतात, तो शब्द इथलाच.)

1868 साली शोगुनची सत्ता गेली. नव्या सरकारचा खलिता त्सुशिमा बेटावरील दूतांमार्फत बुसान बंदरात पोहोचला. त्यात जपानच्या शासकासाठी 'हुआंग' आणि त्याच्या आज्ञेसाठी 'फर्मान' या अर्थाचे अक्षर होते. ही अक्षरे चीनच्या बादशहाखेरीज कोणी वापरू नयेत, असे म्हणून कोरियन अधिकाऱ्यांनी खलिता घेतलाच नाही. त्यांचा हट्ट पोकळ होता असे आम्हाला वाटत नाही. जपानचा शासक हुआंग मानला, तर आपला राजा आपोआप त्याच्या खाली जातो, हे त्यांना कळत होते. जपानमध्ये 1873 साली कोरियावर स्वारी करावी की नाही याचा मोठा वाद झाला. 1875 मध्ये जपानी युद्धनौका गांगह्वा बेटापाशी आली, तोफा डागल्या गेल्या आणि 1876 मध्ये कोरियाला तह करावा लागला.

1895 साली चीन जपानकडून हरला. त्यानंतर 1897 मध्ये कोरियाच्या कोजोंग राजाने स्वतः 'ह्वांगजे' हा किताब धारण केला. हुआंगदीचाच तो कोरियन उच्चार. तो तेरा वर्षेही टिकला नाही. 1910 मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला, तेव्हा कोजोंगचा मुलगा सुनजोंग याला ह्वांगजेवरून पुन्हा 'वांग' केले गेले.

1998 साली किम दे-जुंग यांच्या सरकारने ठरवले, की अधिकृत व्यवहारात जपानी सम्राटाला 'चॉनह्वांग', म्हणजे तेन्नोच, म्हणायचे. दक्षिण कोरियाची बरीचशी वर्तमानपत्रे मात्र 'इलवांग' छापतात. म्हणजे जपानचा वांग.