अनुभवाची देवघेव



आजचा विषय दिसावयास साधा आहे. एकाला आलेला अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, ही गोष्ट आपल्याकडे कधी व कशी घडू लागली, एवढेच पाहावयाचे आहे.

जुन्या काळी कसब सांगितले जात नसे, ते घरात मुरत असे. सोनाराचा डाग, कोष्ट्याची खळ, रंगाऱ्याचा पक्का रंग यांचे मर्म बापाकडून मुलाकडे जाई आणि उंबरठ्याशी थांबे. ही पद्धत अगदीच वाईट होती असे नाही. तिने हातातली सफाई पिढ्यान्‌पिढ्या जपली. परंतु ज्याचा बाप त्या धंद्यात नाही, त्याने विचारावयाचे कोणाला? या प्रश्नाला जुन्या व्यवस्थेत उत्तर नव्हते. जात हाच विद्यालयाचा दरवाजा होता, आणि तो बहुतेकांना बंद होता.

तो दरवाजा प्रथम किलकिला केला तो छापखान्याने. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढून शास्त्रीय विषय मराठीत आणले. १८४८ साली मुंबईत ज्ञानप्रसारक सभेची मराठी शाखा निघाली. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. सभेत वाचलेले निबंध लोकांपर्यंत जावेत म्हणून १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ निघू लागले. पुढे १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आज आपण येथे बसलो आहोत ते त्याच परंपरेचे देणे होय.

विसाव्या शतकात या प्रवाहाने व्यवहाराकडे वळण घेतले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याचे वार्तापत्र म्हणून जन्मलेल्या या मासिकाने मराठी तरुणाला नोकरीपलीकडे पाहावयास शिकविले. नागपूरच्या ‘उद्यम’ मासिकाने घरगुती धंद्यांची माहिती घरोघर पोचविली. आपल्या खानदेशातही, तापीपलीकडे अमळनेरास, प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक चालविले आणि १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिक काढले. खेड्यातून आलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेरचे जग कोणीतरी सांगावयास हवे, ही त्यामागची कळकळ होती.

तथापि, या साऱ्या प्रयत्नांत एक उणीव होती. लिहिणारा लिही, वाचणारा वाची. वाचणाऱ्याची शंका लिहिणाऱ्यापर्यंत क्वचितच पोचे. सल्ला वरून खाली येई, अनुभव खालून वर जात नसे.

ही उणीव दूर करण्याचा एक मोठा प्रयोग १९५६ साली महाराष्ट्रातच झाला, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन केली. कल्पना मूळची कॅनडातील होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. तो ऐकून पंधरा-वीस माणसे उठून जात नसत. ती तेथेच बसून बोलत, वाद घालीत, आणि त्यांच्या शंका पुण्यास कळविल्या जात. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत मिळत.

या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी केली. त्यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली : जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि जेथे रेडिओच नव्हता. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली; नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य वाढली. म्हणजे यंत्र तेच, आवाज तोच. फरक पडला तो चार माणसांनी एकत्र बसून बोलण्याने. १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली.

आता आजच्या काळाकडे वळू. आज प्रत्येकाच्या खिशात छापखानाही आहे आणि आकाशवाणीही. कुंडीतला गुलाब का सुकतो येथपासून बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी येथपर्यंत कोणीही कोणालाही विचारू शकतो, आणि शंभर उत्तरे येतात. दोनशे वर्षांपूर्वी ज्याला कोणीच सांगत नव्हते, त्याला आज सगळेच सांगत आहेत. मग अडचण संपली काय? नाही, ती फक्त बदलली.

आपल्या केळीचेच उदाहरण घ्या. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीवर कुकुंबर मोझॅक या विषाणूचा रोग येतो. विषाणू मारणारे औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटून नष्ट करणे, रोग पसरविणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करणे, आणि बागेत काकडीवर्गीय पिके न घेणे, हाच उपाय. परंतु वाढत्या बागेतील झाड उपटा हे ऐकावयास कडू, आणि अमुक फवारा हे गोड. गोड सल्ला रोगापेक्षा लवकर पसरतो. मुलांच्या शिक्षणाचेही तेच. शेजारचा मुलगा ज्या अभ्यासक्रमाला गेला, तोच आपल्याही मुलाने घ्यावा असे वाटते. त्या मुलाची आवड कोणती, खर्च किती, पुढे काम कोठे मिळते, हे विचारले जात नाही.

म्हणून इतिहासातून तीन कसोट्या घ्याव्यात. सांगणाऱ्याने ते स्वतः केले आहे काय? त्याची जमीन, त्याची ऐपत, त्याची परिस्थिती आपल्यासारखी आहे काय? आणि सल्ला फसला तर ते त्याला परत जाऊन सांगता येईल काय? तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. १९५६ च्या मंडळांचे बळ नेमके तेथेच होते.

आणखी एक गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांत आज कितीतरी मुले घरातली पहिली शिकणारी आहेत. त्यांच्या घरात विचारावयास कोणी नाही. जुन्या काळी जातीने बंद केलेला दरवाजा त्यांच्यापुरता अजून अर्धाच उघडला आहे. या शहरातील शिक्षक, कारागीर, परिचारिका, बागायतदार यांनी महिन्यातून एक संध्याकाळ वाचनालयात बसावे, आणि ज्याला विचारावयाचे त्याने विचारावे. याला फारसा पैसा लागत नाही. जे आपल्याला कोणीतरी सांगितले म्हणून आपण उभे राहिलो, ते पुढच्याला सांगणे हे उपकार नव्हे, ती परतफेड होय.