पाणी आधी कोणाला?

नागभीड परिसरात धान निसवण्याच्या वेळी पावसाने दडी मारली, की सगळ्यांच्या नजरा तलावाकडे वळतात. पाट एक, बांध्या अनेक. मग पाणी आधी कोणाला?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा होता. ब्रिटिश अमदानीत तलाव मालगुजारांच्या ताब्यात असत. गावाचे पाण्यावरील हक्क व रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात नोंदले जात. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे आले आणि 'माजी मालगुजारी'चे झाले 'मामा' तलाव. मालगुजार गेला, पाळीचा प्रश्न उरला.

तोच प्रश्न संगणकालाही पडतो. माहितीचे अनेक प्रवाह एकाच यंत्रात शिरतात, तेव्हा कोणते काम आधी करायचे? २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चे यान चंद्रावर उतरताना त्याच्या संगणकावर कामाचा अतिरिक्त बोजा पडला व धोक्याचे इशारे आले. पण हाल लॅनिंग यांनी कामांना अग्रक्रम देणारी योजना आखलेली होती. कमी महत्त्वाची कामे बाजूला पडली, उतरण्याचे काम चालू राहिले.

मात्र निव्वळ अग्रक्रमात एक धोका असतो. वरच्या क्रमांकाची कामे सतत येत राहिली, तर खालच्याची पाळी येतच नाही. संगणकशास्त्रात याला 'उपासमार' म्हणतात. उपाय सोपा आहे: थांबण्याचा काळ वाढेल तसा त्या कामाचा अग्रक्रम वाढवायचा.

पाटावरही माथ्याकडचा शेतकरी आधी पाणी घेतो आणि शेपटाकडचा कोरडा राहतो. म्हणूनच महाराष्ट्रातील कालव्यांवरच्या शेजपाळी पद्धतीत पाणी शेपटाकडून माथ्याकडे द्यावे, असा नियम आहे. ज्याची जागा सर्वांत दुबळी, त्याची पाळी पहिली!

हा क्रम निसर्ग ठरवत नाही, माणसे ठरवतात. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये शेतीला उद्योगाच्या आधी आणले गेले. तेव्हा आपल्या गावच्या तलावाचा क्रम कोणी ठरवला, आणि त्यात शेवटची बांधी कोणाची, हे विद्यार्थ्यांना शोधायला सांगूया.