मत गुप्त, गाव उघडे

1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर काहीच उमटवायचे नव्हते. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह डकवलेले. कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकली की मत झाले. निरक्षर मतदाराला हे सोपे होते. त्यासाठी लागलेल्या लाखो पोलादी पेट्यांपैकी बऱ्याच विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडल्या. पण पडद्याआड मतपत्रिका पेटीत पडली की खिशात गेली, हेही कोणाला दिसत नसे. खिशातली बाहेर आणून विकता येई. 1962 पर्यंत बहुतेक ठिकाणी एकच मतपत्रिका आणि शिक्का आला. शिक्का आडोशाला मारायचा, घडी घातलेला कागद मात्र सर्वांदेखत पेटीत टाकायचा.

मतदान यंत्र 1982 मध्ये केरळच्या परूर मतदारसंघात 50 केंद्रांवर प्रथम वापरले गेले. कायद्यात तशी तरतूद नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये सांगितल्यावर 1989 च्या सुमारास कायदा बदलला आणि 2004 ची लोकसभा निवडणूक सर्वत्र यंत्रावर झाली. बाद मते संपली. 2013 पासून मत कोणाला गेले ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठीही आली; ती काचेआड 7 सेकंद दिसते आणि आत पडते. ती हाती देत नाहीत, कारण मताचा पुरावा मिळाला की मत पुन्हा विकाऊ होते.

यंत्राने एक जुने संरक्षण मात्र काढून घेतले. दहशतीची भीती असेल तिथे निवडणूक आयोग निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळायला लावू शके. यंत्राची मोजणी केंद्रनिहायच होते. त्यामुळे कोणत्या वस्तीने कोणाला किती मते दिली हे आकड्यांत उघड होते, आणि पाणी-रस्त्याचा हिशेब त्यावरून मांडणारे पुढारी काही दुर्मीळ नाहीत. गीरच्या जंगलात बाणेजला एकाच मतदारासाठी केंद्र उभारले जाई. तिथे गुप्ततेला अर्थच काय उरणार?

यावर आयोगाने 2008 मध्ये टोटलायझर सुचवला. 14 केंद्रांची यंत्रे एकत्र जोडून हा फक्त बेरीज दाखवतो. विधी आयोगाने 2015 च्या 255 व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ती मानली नाही. केंद्रनिहाय आकड्यांवरून आपले काम कुठे कमी पडले ते पक्षांना कळते, असा युक्तिवाद झाला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधीची याचिका फेटाळली. केंद्रनिहाय मते आजही ‘नमुना 20’ या निकालपत्रकात जाहीर होतात.