सव्वा मूठ गहू

जिभाऊ, म्हणजे माझे थोरले काका, सुरतेला गेले ते १९७३ साली. आदल्या वर्षीच्या दुष्काळात शेत करपलेलं, दुष्काळी कामावर खडी फोडून हात सोललेले. शिंदखेड्याला पॅसेंजरमध्ये चढले आणि उधन्याला उतरले. सोडायला आजी स्टेशनवर गेलीच नाही. पुढे कुणी विचारलं की म्हणायची, "सुरत काय परमुलूख शे का? आपलीच तापी तठे जास."

तिचं काही चुकत नव्हतं. १ मे १९६० पर्यंत धुळं आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होतं. नंतर हद्द आली ती नवापूरच्या स्टेशनावरून. त्याचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. एवढ्यासाठी आजी कशाला डोळ्यांत पाणी आणेल?

लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी. एका खोलीत आठ जण. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच गोधडीवर आडवा. भाषेचं काय केलं, असं मी विचारलं तेव्हा जिभाऊ हसले. शेठ 'घरनुं काम' म्हणायचा, आपण 'घरनं काम'. त्याचं 'छे', आपलं 'शे'. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, खानदेशी, म्हणजे आमची अहिराणी, मराठीबरोबर नाही, भिल्ली भाषांबरोबर मांडली आहे. त्यावर विद्वानांनी काय वाद घालायचा तो घालावा. जिभाऊंना महिन्याभरात मुकादमाशी भांडता येऊ लागलं होतं, मला तेवढा पुरावा पुरे.

मोठी आई, म्हणजे जिभाऊंची बायको, सुरतेतल्या लिंबायतच्या खोलीत साड्यांना टिकल्या लावायची, नगावर पैसे. मुलं महापालिकेच्या मराठी शाळेत गेली. वरणात गूळ घालणं तिला शेवटपर्यंत पटलं नाही, आणि भरताची वांगी जळगावकडून येणाऱ्या पाहुण्यानं आणली नाहीत तर त्याचं तोंड बघायची नाही.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. गाड्या माणसांनी फुटायला आल्या. जिभाऊंचं सहा जणांचं बिऱ्हाड रात्री गावात उतरलं, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. गावानं त्यांना गावात घेतलं नाही. खळ्यात राहा म्हणाले. पाणी द्यायचं तेही वरून, ओंजळीत. माझ्या चुलतभावानं तांब्याला हात लावला तर तो तांब्या तिथेच टाकून दिला. पितळी तांब्या, अजून डोळ्यांसमोर आहे. आजी कुणाशी भांडली नाही. आपली वाकळ काखेत मारली आणि खळ्यात नातवंडांशेजारी जाऊन झोपली. आठ दिवस.

रोग ओसरल्यावर जिभाऊ बोचकं बांधत म्हणाले, "चला, घर जाऊत." आजी निवडत असलेलं सूप हातात धरून तशीच बसली. 'घर' कुठलं, ते तिला त्या दिवशी कळलं.

पुढे मी शिकायला पुण्याला गेलो. मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात 'माले वाढ' म्हणालो आणि टेबल हसलं. त्यानंतर 'मला'. वर्षभरात माझी अहिराणी गेली, आणि ती घालवायला मी मेहनत घेतली होती. लिंबायतमधला माझा चुलतभाऊ गुजराती लिहितो, हिंदीत धंदा करतो, पोरांना रागावतो मात्र अहिराणीत. परक्या राज्यात गेलेल्यानं भाषा राखली आणि आपल्याच राज्यात गेलेल्यानं टाकली. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २०२० मध्ये गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. पुण्यात अहिराणी बोलून कुणी मोठं झाल्याचे पेढे अजून वाटायचे आहेत.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खानदेशातली देवी, कानबाई, बसते. आता सुरतेतही मिरवणूक निघते, विसर्जन तिथेही तापीतच. पण तिच्या नैवेद्याचे आमचे रोट अजून गावच्या घरी होतात. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे, हजर असो वा नसो. आजी होती तोवर ती नावं घेत मोजायची आणि जिभाऊंचं नाव पहिलं. आता मोजणं माझ्याकडे आहे. चुलतभावाची नात जवळ बसून गुजरातीत आकडे म्हणते, माझी मुलगी रोट म्हणजे काय ते विचारते.

यंदा एकवीस नावांचे गहू मोजले. सोळा सुरतेची होती.